होडीला इंजिन कसे बसले?

गोंदिया जिल्ह्यात समुद्र नाही, बंदर नाही, मग मोटरबोटीचा विषय व्यापार-उद्योगाच्या पानावर कशासाठी, असे काही वाचक बंधू विचारतील. समुद्र नाही हे खरे, पण पाणी भरपूर आहे. वैनगंगा आहे, तिला बिरसोल्याजवळ मिळणारी बाघ आहे, चुलबंद आणि गाढवी आहे. गाढवीवर इटियाडोहाचे धरण आहे, नवेगावचा बांध आहे आणि गावोगाव मालगुजारीच्या काळातले तलाव आहेत, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात. या सगळ्या पाण्यावर आजही ढिवर बांधवांचा डोंगा चालतो, तो बांबूने आणि वल्ह्याने. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि गोंदिया-भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत काठची गावे पाण्याखाली गेली, तेव्हा माणसे बाहेर काढण्यासाठी इंजिन लावलेल्या रबरी बोटी आणाव्या लागल्या. म्हणजे मोटरबोट आपल्याकडे येते, पण संकटात येते आणि बाहेरून येते. ती बनवणारा आणि दुरुस्त करणारा हात मात्र आपल्या बाजारात शोधावा लागतो. लेथ, वेल्डिंग, पंप आणि मोटारसायकलचे काम करणारे जितके कारागीर आपल्या लोकांत आहेत ते पाहता ही गोष्ट आम्हाला खटकते.

म्हणून ही बोट मुळात आली कुठून ते आधी पाहू. तिचा इतिहास मोठमोठ्या जहाज कंपन्यांचा नाही. तो बराचसा छोट्या वर्कशॉपचा आहे.

वाफेवर चालणाऱ्या बोटी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होत्या. आपल्याच नदीचे उदाहरण घ्या. वैनगंगा पुढे वर्धेला मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला जाऊन मिळते. या मार्गाने मध्य प्रांताचा आणि वऱ्हाडचा कापूस आगबोटींनी थेट पूर्व किनाऱ्यावर न्यायचा, अशी योजना इंग्रज सरकारने हाती घेतली होती. तिचा मुख्य पुरस्कर्ता सर आर्थर कॉटन हा इंजिनिअर. गोदावरीत दुम्मागुडेमसारख्या ठिकाणी खडकांचे अडथळे होते, ते चुकवण्यासाठी बंधारे आणि कालवे बांधायचे काम अनेक वर्षे चालले. पण १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपुरास पोहोचली आणि नदीच्या वाहतुकीतला दम गेला. वर्षातले काही महिनेच पाणी पुरणार, आणि खडक फोडण्याचा खर्च संपता संपेना. १८७१ मध्ये योजना सोडून दिली. पुढे १८८० च्या दशकात रेल्वे गोंदियावरून छत्तीसगडकडे गेली आणि आपल्या भागाचा व्यापार रुळांवर गेला तो कायमचा. व्यापारी माणसाने यात पाहण्यासारखे हे की वाहन चांगले असून भागत नाही, वर्षभर चालेल असा मार्ग लागतो.

वाफेची आणखी एक अडचण होती. बॉयलर जड, कोळसा आणि पाणी सतत लागणार, वाफ धरायला अर्धा-पाऊण तास, आणि बॉयलर फुटला तर माणसे मरणार. अमेरिकेत नदीच्या आगबोटींचे इतके स्फोट झाले की सरकारने कडक कायदा केला आणि वाफेच्या बोटीवर परवानाधारक इंजिनिअर सक्तीचा झाला. चार-सहा माणसांच्या छोट्या बोटीला पगारी इंजिनिअर कसा परवडणार? यातून एका कारागिराने पळवाट काढली. पाण्याऐवजी नॅप्था उकळायचा, त्याच्या वाफेवर इंजिन चालवायचे आणि चुलीत जाळायलाही तोच नॅप्था वापरायचा. पाण्याची वाफ नाही, म्हणून कायदा लागू नाही! १८८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये अशा नॅप्था लाँचांचा धंदा चांगला चालला. आज कोणी तसे धाडस करू नये, कारण उकळत्या नॅप्थाशेजारी बसून सहल करणे म्हणजे गॅसच्या टाकीवर बसून विडी ओढण्यासारखेच. पण कायद्याने एक दार बंद केले की बाजार दुसरे दार कसे उघडतो ते यावरून समजते.

विजेची बोट तर त्याहून जुनी. रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने १८३८-३९ मध्येच नेवा नदीत बॅटरीवर होडी चालवून दाखवली होती. १८८१ मध्ये पॅरिसच्या गुस्ताव्ह त्रूव्हे याने विजेची मोटर होडीच्या मागे सुकाणूवरच टांगली. आज जिला आपण आऊटबोर्ड म्हणतो ती कल्पना हीच. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात पन्नासहून अधिक विजेच्या बोटी लोकांना फिरवत होत्या. बॅटरी मात्र जड होती आणि लवकर उतरत असे, त्यामुळे ही बोट श्रीमंतांच्या तळ्यापलीकडे फारशी गेली नाही.

खरी मोटरबोट म्हणजे सिलिंडरच्या आत इंधन जाळणारी. बेल्जियममध्ये जन्मलेल्या एतिएन लन्वारने १८६० मध्ये गॅसवरचे इंजिन काढले आणि त्याच दशकात सीन नदीतील एका होडीत ते बसवून पाहिले. इंजिन फार गॅस खाई आणि ताकद थोडी देई. १८७६ मध्ये निकोलाऊस ऑटोचे चार स्ट्रोकचे इंजिन आले, ज्याच्या तत्त्वावर आपल्या मोटारसायकली आजही चालतात. ऑटोच्याच कारखान्यात काम केलेले गोटलीब डाईमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी ते हलके आणि वेगवान केले. १८८६ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टजवळ नेकार नदीत त्यांनी साडेचार मीटर लांबीच्या होडीत हे इंजिन बसवले. वेग होता ताशी सुमारे ११ किलोमीटर.

पुढची हकिकत दुकानदारांनी लक्ष देऊन वाचावी. त्या वेळी लोकांना पेट्रोलचे भय वाटे. पायाखाली स्फोटक तेल ठेवून नदीत जायला कोण तयार होणार? तेव्हा होडीच्या कडेने चिनी मातीच्या खुंट्या आणि तारा लावून घेण्यात आल्या, म्हणजे बघणाऱ्याला वाटावे की ही विजेवर चालते. युक्ती चालली. गिऱ्हाइकाला अंधारात ठेवणे आम्हाला पसंत नाही, पण नवा माल बाजारात आणताना पहिली लढाई गिऱ्हाइकाच्या भीतीशी असते, हे त्या दोघांना बरोबर कळले होते. मोटारगाडीने नाव कमावण्याआधी डाईमलरच्या कारखान्याला पैसा मिळाला तो होडीच्या इंजिनांतून. रस्ते खराब होते, नद्या सपाट होत्या, साधी गोष्ट आहे.

इंग्लंडात आणि उत्तर युरोपात दुसराच मार्ग निघाला. हर्बर्ट अक्रॉईड स्टुअर्ट याच्या कल्पनेवर ग्रँथम येथील हॉर्न्सबी कंपनीने १८९२ पासून हॉट-बल्ब इंजिने बाजारात आणली. यात स्पार्क प्लग नाही की मॅग्नेटो नाही. सिलिंडरच्या डोक्यावर लोखंडी गोळा असतो, तो आधी ब्लो-लॅम्पने लालबुंद तापवायचा. त्यात तेल शिंपडले की पेट घेते, आणि इंजिन एकदा चालू झाले की गोळा आपला आपण तापलेला राहतो. ज्यांनी जुन्या काळी खेड्यातल्या पिठाच्या चक्कीवरचे टुक-टुक करणारे ऑईल इंजिन पाहिले आहे त्यांना ही जात ओळखीची वाटेल. ते हळू चाले, जड असे, पण हलके सलके तेल पचवी आणि मच्छीमाराला हातोडी-पान्याने दुरुस्त करता येई. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वेच्या मासेमारी होड्या याच इंजिनाने शिडापासून सोडवल्या. रुडोल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी झाले आणि १९०३ मध्ये रशियात व्होल्गेवर आणि फ्रान्समध्ये कालव्यावर डिझेलवरच्या पहिल्या नौका चालल्या.

आता त्या माणसाची गोष्ट, ज्याच्यामुळे मोटरबोट गरिबाच्या होडीपर्यंत आली. ओले एविनरूड हा नॉर्वेत जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत गेलेला. शेतकऱ्याचा मुलगा, शाळा थोडी, मशीनशॉपमध्ये काम करत शिकलेला मिस्त्री. मिलवॉकीत त्याचे छोटे वर्कशॉप होते. असे सांगतात की १९०६ च्या उन्हाळ्यात तो मंडळींसह तळ्याकाठी सहलीला गेला होता. होणाऱ्या पत्नीला, बेसला, आइस्क्रीम हवे होते. तो तळे वल्हवत पलीकडे गेला, आइस्क्रीम घेऊन परतला तोवर ते वितळून पाणी झाले होते. हे काम इंजिनाने का होऊ नये, असा विचार त्याच्या मनात आला. १९०७ मध्ये त्याने होडीच्या मागे टांगायची मोटर बनवून नदीत चालवली. पत्नी म्हणाली, हे तर कॉफी दळायच्या यंत्रासारखे दिसते. १९०९ मध्ये ती विक्रीला आली. दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड म्हणजे सुमारे २८ किलो, किंमत ६२ डॉलर.

आऊटबोर्ड मोटर पहिली त्यानेच काढली असे नाही. अमेरिकेतच त्याच्या आधी दोघा-तिघांनी तशा मोटरी विकल्या होत्या. फरक पडला तो हिशेबाने आणि जाहिरातीने. बेसने पत्रव्यवहार आणि वह्या सांभाळल्या, वल्ही फेकून द्या अशा आशयाची जाहिरात लिहिली आणि ऑर्डरी येऊ लागल्या. युरोपातल्या मच्छीमारांकडून फार मोठी मागणी आली. म्हणजे सहलीसाठी काढलेली वस्तू पोटापाण्यासाठी उपयोगी ठरली. पत्नीच्या आजारपणामुळे त्याने १९१४ मध्ये कंपनी विकली, आणि काही वर्षांनी ॲल्युमिनियमची हलकी मोटर बनवून पुन्हा बाजारात उतरला. आपल्यापैकी कित्येकांच्या दुकानात घरातल्या स्त्रीचा हिशेब चालतो आणि तिचे नाव पाटीवर नसते. आम्हाला बेसची गोष्ट त्यासाठीही सांगावीशी वाटली.

जपानी कंपन्या नंतर आल्या. यामाहाची पहिली आऊटबोर्ड १९६० मधली. १९८० च्या दशकात केरळच्या किनाऱ्यावर रॉकेलवर चालणाऱ्या अशा मोटरी घरोघरी झाल्या. त्याआधी १९५२ मध्ये नॉर्वे सरकारच्या मदतीने केरळात मोठ्या यांत्रिक नौकांचा प्रकल्प सुरू झाला होता. आपल्या कोकणातही स्वातंत्र्यानंतर सहकारी सोसायट्या आणि सरकारी कर्जे यांच्या आधाराने शिडाच्या नौकांत डिझेल इंजिने बसली. रत्नागिरीच्या दालदी मुसलमान मच्छीमारांचा हा पिढीजात धंदा. त्याच किनाऱ्यावरच्या मुसलमान गावांतून तांडेल, सारंग आणि खलाशी विलायती आगबोटींवर नोकरीला जात. शिडाचा वारा ओळखणाऱ्या माणसाने इंजिनाचा आवाज ओळखायला शिकणे हा बदल त्या घरांनी एका पिढीत पचवला.

पण गोंदियाच्या कारागिराने खरे उदाहरण घ्यायचे ते कोकणाचेही नाही, बांगलादेशाचे. तिथे १९८० च्या दशकात शेतीच्या पाण्यासाठी छोटी डिझेल इंजिने स्वस्तात मिळू लागली. उन्हाळ्यात त्यांचा पंप चाले, पावसाळ्यात ती रिकामी पडून राहत. खेड्यातल्या मिस्त्र्यांनी तीच इंजिने उचलून देशी नावेत बसवली, शाफ्ट लेथवर घडवला, पंखा ओतून घेतला आणि काही वर्षांत हजारो नावा इंजिनवर आल्या. कुठल्याही मोठ्या कंपनीने ही नाव तयार केलेली नाही. आपल्याकडेही धानाच्या बांधावर पंपाची डिझेल इंजिने आहेत आणि ती जाणणारे हात आहेत.

तेव्हा कामाच्या चार गोष्टी सांगतो. पाण्यात पंखा फिरवणे हे पंप चालवण्यासारखे सोपे नाही. इंजिन होडीच्या आत बसवले तर शाफ्ट तळातून बाहेर काढावा लागतो, आणि तिथून पाणी आत येऊ नये म्हणून नळी आणि ग्लँड पॅकिंग लागते. पॅकिंग फार आवळले तर शाफ्ट घासून खराब होतो, सैल ठेवले तर होडी भरते. थेंब-थेंब पाणी येत राहणे हेच बरोबर. आपल्या तलावांत दुसरी अडचण आहे. पाणी उथळ, त्यात बेशरमाची झाडी, पाणवेली आणि जाळी. खाली बसवलेला पंखा पाच मिनिटांत गुंडाळला जाईल. थायलंडमध्ये यावर उपाय आहे तो लांब शेपटीच्या बोटीचा. इंजिन मागच्या कडेवर खुंटीवर फिरते ठेवतात, त्याला सात-आठ फुटांचा शाफ्ट आणि टोकाला पंखा. वेल आली की दांडा दाबून पंखा वर उचलायचा. ग्लँड नाही, सुकाणू वेगळे नाही. मात्र उघडा फिरणारा शाफ्ट फार धोक्याचा, त्याला पाइपचे कवच हवेच हवे.

ताकदीबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो. जास्त अश्वशक्ती म्हणजे जास्त वेग, हे रस्त्यावर बऱ्याच अंशी खरे. पाणी कापत जाणाऱ्या होडीला मात्र तिच्या लांबीची मर्यादा असते. वीस फुटी होडी ताशी ११ किलोमीटरच्या आसपास पोहोचली की तिने स्वतःच उठवलेल्या लाटेवर तिला चढावे लागते. त्यापुढे इंजिन दुप्पट केले तरी वेग थोडासाच वाढतो, डिझेल मात्र दुपटीने जळते. तलावात जाळी टाकण्यासाठी चार-पाच अश्वशक्ती पुरते. भार ओढायचा असेल तर मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा पंखा चांगला. छोटा पंखा भरभर फिरवला तर फेस जास्त होतो, ढकलणे कमी.

आणि एक गोष्ट आम्ही ठासून सांगतो: एका खोडातून कोरलेल्या डोंग्याला इंजिन लावू नका. तो अरुंद असतो, वजन मागे आले की मागची कड पाण्याला टेकते, आणि हादऱ्याने लाकूड चिरते. फळ्यांची, पत्र्याची किंवा फायबरची रुंद होडी हवी, इंजिनाचा भार दोन आडव्या पट्ट्यांवर वाटून दिलेला हवा. पाण्यात चूक झाली तर गॅरेजसारखी दुसरी संधी मिळत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यात वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडायला निघालेल्या सहा महिलांचा बळी गेला. पोटासाठी नदी ओलांडणाऱ्या गरीब बाया होत्या. त्याच महिन्यात वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून बारा शाळकरी मुले आणि दोन शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. पहिली नाव हाताने चालणारी होती, दुसरीला इंजिन होते. माणसे किती बसवायची याचा निर्णय इंजिन करत नाही, काठावर पैसे घेणारा करतो.

कायद्याचेही पाहिले पाहिजे. देशांतर्गत पाण्यावरील वाफेच्या नौकांसाठी १९१७ मध्ये कायदा झाला, पुढे तो सर्व यांत्रिक नौकांना लागू झाला, आणि त्याची जागा आता २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्याने घेतली आहे. यांत्रिक नौकेची नोंदणी, तपासणी, चालवणाऱ्याचा परवाना आणि विमा या गोष्टी त्यात आल्या. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. नॅप्थावाल्याची पळवाट इथे शोधत बसू नये. नवेगाव बांधाचा परिसर राष्ट्रीय उद्यानाला आणि २०१३ पासूनच्या व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे, तिथे वन खात्याला विचारल्याशिवाय पाण्यात काही उतरवता येणार नाही. हिवाळ्यात तलावांवर परदेशी पक्षी उतरतात, त्यांना इंजिनाचा आवाज मानवत नाही. दोन स्ट्रोकच्या मोटरीचे न जळलेले तेल पाण्यात जाते आणि त्याच पाण्यात सोसायटीचे मत्स्यबीज वाढत असते, हे मच्छीमाराला आमच्यापेक्षा चांगले कळते.

या कारणाने विजेची बोट, जी सव्वाशे वर्षांपूर्वी मागे पडली होती, ती पुन्हा पुढे येत आहे. केरळात २०१७ पासून ७५ उतारूंची सौर फेरी चालते आहे, आणि कोचीत २०२३ मध्ये विजेच्या बोटींची वॉटर मेट्रो सुरू झाली. इतके मोठे काम आपल्याला नको. पण ई-रिक्षाची मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी दुरुस्त करणारी तरुण पोरे आता बाजारात तयार झाली आहेत. तलावात दिवसातून दोन-तीन तास सावकाश फिरणाऱ्या होडीला त्याच जातीची मोटर पुरते. बॅटरी आणि जोडण्या पाण्यापासून बंदिस्त ठेवणे हेच खरे कौशल्याचे काम.

ज्यांना हात घालून पाहायचा आहे त्यांनी विक्रीची घाई करू नये. आधी जवळच्या मच्छीमार सोसायटीशी बोलून एकच होडी, त्यांच्याच तलावासाठी, त्यांच्याच सल्ल्याने तयार करावी. मापे घेताना रिकाम्या होडीची नाही, जाळे, मासे आणि माणसे भरलेल्या होडीची घ्यावी. एप्रिल-मे महिन्यांत पाणी उतरते आणि होड्या काठावर ओढून डांबर-डागडुजी चालते, बोलणी करायची ती त्याच दिवसांत.